रशीदभाईंची सुटी

दुकानात आता महिन्यातून एकदा तरी कोणीतरी फोन समोर धरून शिरतं. फोनमध्ये कुवेतचा नाहीतर रियाधचा माणूस असतो आणि तो तिथूनच फरशी निवडतो. "उजेडात धर. तशी नाई, तिरपी धर." इकडे त्याची बायको किंवा भाऊ फोन वाकडातिकडा करत राहतो आणि मी एकेक फरशी उचलून दाखवते. धंद्याला ही पद्धत चांगली आहे. भाव करायला माणूस समोर नसतो आणि तिकडून घासाघीस करायची त्याला लाज वाटते.

माझ्या दुकानात ही पद्धत रशीदभाईंनी सुरू केली.

रिसोडला माझं फरशी, नळ आणि संडास-बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. ते नवीन होतं तेव्हा रशीदभाई गावातच फरशी-मिस्त्री होते आणि माझी बरीच गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जायची. उंच, हडकुळा माणूस. दोन्ही गुडघ्यांवर घट्टे. दुकानात आले की आधी "जयभीम, ताई" म्हणत, मी "सलाम, रशीदभाई" म्हणे, आणि मग कामाचं बोलणं. फरशी बसवल्यावर ती खालून पोकळ राहिली का हे बघायला मिस्त्री बोटाच्या हाडाने ती ठोकून बघतात. रशीदभाईंना ही सवय एवढी लागलेली की कुठेही खाली बसले की हात आपोआप ठोकायला लागायचा. माझे सासरे वारले तेव्हा ते भेटायला आले. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हे आपले हळूच टक, टक, टक. मग माझ्याकडे बघून अगदी दुःखी आवाजात म्हणाले, "ताई, कोपऱ्यातली पोकळ हाये. मी येऊन जाईन एखांद्या दिशी." आणि आले, आणि पैसे घेतले नाहीत.

रशीदभाईंचे वडील गेले तेव्हा त्यांच्यावर दोन बहिणी, एक धाकटा भाऊ नासिर आणि टिनाचं एक घर येऊन पडलं. गल्लीतले दोघं आधीच सौदीला गेलेले होते. एजंटाने मुंबईला नेलं, हाताचं काम बघितलं आणि पास केलं. जाताना दुकानात निरोप घ्यायला आले.

"दोन वर्षं, ताई. बहिणीचे लग्नं उरकले का आलोच."

त्यांचं हे 'उरकलं का आलोच' पुढे मी इतक्या वेळा ऐकलं, की त्यांच्या घरी काय काय उरकलं ते मला त्यावरून तोंडपाठ आहे. बहिणींची लग्नं उरकली. मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन. मग टिन काढून स्लॅब. मग नासिरला ऑटो, तो चालेना म्हणून मोबाईलचं दुकान. मग स्लॅबवर दुसरा मजला, कारण शेजारच्या दुबईवाल्याने चढवला होता. एक गोष्ट झाली की ती पुढची गोष्ट मागायची. स्लॅब पडला की भिंतींना रंग लागतो, रंग दिला की खालची शहाबादी फरशी डोळ्यांत खुपते. मी दुकानदार आहे, मला हे ठाऊक आहे; माझा धंदाच त्यावर चालतो.

त्यांच्या घरचं पहिलं सामान गेलं ते संडासाचं. शमीमभाभी, म्हणजे रशीदभाईंची बायको, स्वतः निवडायला आली होती, तेव्हा त्यांची मुलगी सना तिच्या कडेवर होती. पुढे रशीदभाई तिकडून फोनवर बघून निवडायला लागले, तसं सामान महाग होत गेलं. चकचकीत मोठी फरशी, गरम पाण्याचा गिझर, खुर्चीचा संडास. खुर्चीच्या संडासावर नासिरने शेवटी कुंडी ठेवली. स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा उंच ओटा आणि खाली कपाटं केली, आणि भाभी मागच्या पडवीत गॅस जमिनीवर ठेवून भाकरी थापायची. मी विचारलं तर म्हणाली, "तिथी तेल उडते ना, ताई. तेलाचे डाग पडले तर ते आल्यावर काय म्हणतीन?" बैठकीतल्या फरशीवर बारा महिने चटया. फरशी उघडी पडायची ती रशीदभाई सुटीवर आले की.

सुटी दोन वर्षांतून एकदा मिळे. आल्या आल्या ते पहिला खर्च करायचे तो न्हाव्याच्या दुकानात. तिकडे केस कापायला पैसे घालवायचे नाहीत असा नियम; खोलीतला नांदेडचा एक जण सगळ्यांचे कापे. म्हणून इथे आले की खुर्चीत मागे टेकून बसत आणि सांगत, "घाई नको करू." चार दिवसांनी पुन्हा न्हाव्याकडे जात. कापायला काही उरलेलंच नसे. न्हावी नुसता कैची वाजवायचा आणि हे डोळे मिटून बसायचे.

आले त्याच दिवशी संध्याकाळी पेटी उघडायची. ही गल्लीची रीतच आहे. तिकडून आलेल्या माणसाने सगळ्यांच्या देखत पेटी उघडायची, आणि बसलेल्यांपैकी कोणी रिकाम्या हाताने उठायचं नाही. अत्तर, साबण, खजूर, टॉर्च, कपाळाला लावायचा बाम, जड घोंगड्या. मलाही दरवेळी एक बामची डबी. एका वर्षी मी घोंगडीची घडी बघितली तर आतल्या शिवणीत पानिपतची चिठ्ठी. मी चिठ्ठी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"तिकडं बी पानिपतच्याच येतात, ताई," ते घाईने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि मी न विचारता सांगून मोकळे झाले. कंपनीने कित्येक महिने पगारच दिला नव्हता. विमानातून उतरले तेव्हा पेटीत स्वतःचे कपडे तेवढे. मुंबईत एका गाववाल्याकडून उसने घेतले, तिथल्याच बाजारात पेटी भरली आणि मग रेल्वेत बसले.

"घरी सांगायचं ना सरळ," मी म्हटलं.

"काय सांगू? गल्लीतले चाळीस लोक बसले होते, ताई."

ते तिकडे कसे राहतात हे कोणाला माहीत नव्हतं, कारण ते सांगत नसत. पण माणसाच्या सवयी सांगतात. एकदा भाभीने मला हसत सांगितलं होतं, की हे आंघोळीला जाताना साबण डबीत घालून नेतात आणि डबी परत आणून उशाशी ठेवतात. घरात फ्रीज उघडायचा तर आधी विचारतात. एवढा रुंद पलंग, पण भिंतीला पाठ लावून काठावर झोपतात. कपाट त्यांच्याचसाठी केलेलं, पण कपडे पेटीतच. भाभी हे गमतीने सांगत होती. मग सांगता सांगता मध्येच तिने नळाचा वायसर मागितला.

गेल्या सुटीत ते आले आणि दोन दिवसांनी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानात येऊन स्टुलावर बसले.

"ताई, काम हाये का?"

"कोणाले पाहिजे?"

"मले."

मला वाटलं गंमत करतात. पण ते फरशीच्या खोक्यांकडे बघत होते. गुडघ्यांचं दाखवलं होतं. तिकडच्या डॉक्टरने सांगितलं होतं की बसून काम करणं सोडा. फरशी-मिस्त्री उभ्याने काय करणार? तिकडे दिवसभर बसून करावं लागतं आणि आता त्यांच्या हाताखालची पोरं त्यांच्यापेक्षा भरभर करतात. इथे निदान आपल्या सवडीने करता येईल. मुख्य म्हणजे त्यांना आता इथेच राहायचं होतं.

"घर बांधलं, ताई. सारं मिळून साल दीड साल राह्यलो असन त्याच्यात. आता राह्यतो म्हणतो."

"मग राहा ना. अडवलं कोणं?"

ते हसले. अडवणारं कोणी एकच नव्हतं. गावात मी दोन ठिकाणी विचारून बघितलं. एकजण म्हणाला, "सौदीवाल्याचा रेट आपल्याले कसा परवडन?" दुसरा म्हणाला, "काहून थट्टा करता, ताई? तो काय आता घमेलं उचलन?" नासिरला कळलं तेव्हा तो घरात ओरडला की माझ्या दुकानाच्या समोर तुम्ही मजुरीला जाणार, मग मी दुकान बंद करतो. त्या मोबाईलच्या दुकानातला माल कोणाच्या पैशाचा होता हे तो विसरला नव्हता. म्हणूनच ओरडला.

आणि सर्वांत वर सनाचं लग्न. सना औषधांचं शिकलेली, गावातल्या मेडिकलमध्ये काम करते. वाशिमजवळच्या मालेगावचे करीमसेठ, बाजारोबाजारी कापड विकतात, त्यांचा मुलगा अय्याज तिला सांगून आला आणि साखरपुडा झाला तेव्हा रशीदभाई तिकडेच होते. करीमसेठांनी हुंडा मागितला नाही. एवढंच म्हणाले की पोराला तिकडे कामाला लावून द्या. फोनवर रशीदभाई 'पाहू' म्हणाले, आणि घरच्यांनी मिठाई वाटली. ते इथेच राहिले, तर तिकडे कोण कोणाला लावून देणार?

मी म्हटलं, "शिरपूरले एका मास्तरच्या घराचं काम हाये. फरशी माझ्याकडून गेली, मिस्त्री पाहिजे. तिथी तुमाले कोणी ओळखत नाई."

"घरी काय सांगू?"

"ते तुमचं तुमी पाहा."

त्यांनी असं पाहिलं: सकाळी पांढरा शर्ट, पॉलिशचे बूट, आणि विमानात वर ठेवतात ती चाकांची छोटी बॅग. बॅगेत थापी, रबरी हातोडा, ओळंबा, जुनी पँट आणि फडक्यात बांधलेली भाकर. ती भाकर भाभी बांधून द्यायची, म्हणजे तिला कळलं होतं. पण विचारायचं नाही असं तिने ठरवलेलं होतं. गल्लीत लोक विचारत, "साहेब, व्हिसाचं झालं का?" हे म्हणत, "चालू हाये, वाशिमले जाऊन राह्यलो." आणि बसस्टँडच्या मागून शिरपूरची जीप पकडत. जीपमध्ये शेळ्या, शाळेची पोरं, तिथल्या जैन मंदिराला जाणारे यात्रेकरू आणि मांडीवर बॅग घेतलेला हा पांढरा शर्ट.

मास्तरांच्या घरी ते शर्ट खुंटीला अडकवत आणि संध्याकाळी झाडून घालत. मला वाटतं, मी त्यांना खुशीत बघितलं ते त्याच दिवसांत. एक खोली झाल्यावर फोन करून म्हणाले, "ताई, मास्तरची बाई चपला काढून आतमंधी आली आन् मलेच म्हणे, या बसा, चहा घ्या. तिकडं मी शाळेयेवढे मोठे बाथरूम केले. शेवटचा सांधा भरला का पहारेकरी म्हणे, चल, निघ. परत पाय ठेवू नाई दिला कोणं."

काम अर्ध्यावर असताना मास्तरांचा फोन आला की तीन खोक्यांतली फरशी फुटकी निघाली. मी टेम्पोत बदली खोकी टाकून स्वतः गेले. त्या दिवशी शिरपूरचा बाजार होता. रशीदभाई आतल्या खोलीत गुडघ्यांवर, कोपरापर्यंत सिमेंट. मी खोकी मोजून देत होते, तेवढ्यात दारात एक जण खांद्यावर कापडाचे तागे घेऊन उभे राहिले. मास्तरांच्या बायकोने पडद्याचं कापड दाखवायला बोलावलं होतं.

ते करीमसेठ होते.

"अरे! रशीदभाई?"

रशीदभाईंना उठायला वेळ लागतो. एक हात भिंतीला, मग एक पाय, मग दुसरा.

"सलाम, करीमभाई. इकून नका येऊ, ओली हाये."

"हे काय चालू हाये?"

मी मध्येच म्हटलं, "माझा मिस्त्री पडला आजारी. काम अडलं, म्हून मीच याइले हातापाया पडून आणलं. तिकडची पद्धत गावात दुसऱ्या कोणाले येते?"

करीमसेठांनी खुंटीवरचा शर्ट बघितला. बॅग बघितली. भाकरीचं फडकं बघितलं. कापडाचा व्यापारी, बोटात धरल्याबरोबर कापड ओळखणारा माणूस. पण भला माणूस. तोंड वाकडं केलं नाही.

"हौ, हौ. हुनर हाये. हुनर थोडीच लपते?" मग तागे नीट खांद्यावर घेत म्हणाले, "आन् व्हिसाचं कुठवर आलं?"

"कोणाच्या?" रशीदभाई म्हणाले.

करीमसेठांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग करीमसेठ हसले. "दोघायच्या! तुमचा आन् अय्याजचा. सासरा-जावई संगच जाणार ना!"

रशीदभाईही हसले. मी खोकी परत मोजली.

पुढच्या आठवड्यात करीमसेठांची बायको रिसोडला आली. भांडायला नव्हे. सरबत प्याली, सनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठता उठता भाभीला म्हणाली, "अय्याजचा पासपोर्ट निघाला. आमाले घाई नाई. भाईजान तिकडं पोहोचले का तारीख धरू." एवढंच. यात कोणी काय भांडणार?

सना दुकानाच्या पायरीवर आली आणि आत न येताच बोलायला लागली. "मावशी, मी अब्बूले म्हटलं, नका जाऊ तुमी. मी मोडते हे. त्याइनं काय म्हटलं मले? म्हणे, मिठाई वाटून झाली, बेटा. मिठाई! मिठाईसाठी माणूस जाते का परत?"

"अय्याज काय म्हणते?"

"त्याले तर जायचंच हाये. रोज मले विमानाचे व्हिडिओ पाठवते, येडा."

"आवडते का तुले तो?"

"आवडते ना," ती चिडून म्हणाली. "तेच तर."

रशीदभाई मास्तरांचं काम पुरं करून आले. चाकांची बॅग स्टुलापाशी ठेवली. बरेच दिवस मनात होतं ते मी बोलले. "तुमी त्या पोराले एकदा बसवून सांगा ना, तिकडं कसं हाये ते. तुमी कोणालेच सांगत नाई, तिथीच सारा घोळ हाये."

"सांगतलं, ताई. परवा बोलावलं होतं त्याले घरी. सारं सांगतलं. खोलीत आठ जण, पासपोर्ट कंपनीकडं, उन्हाळ्यात फरशीले हात लावला तर कातडं सुटते. पगार थकला ते बी सांगतलं. पानिपतचं बी सांगतलं."

"मग?"

"हसला. बैठकीत बसलो होतो आमी. तुमच्या भाभीनं फरशी घासून-पुसून चमकवली होती, पाहुणा येणार म्हून. त्यानं खाली पाह्यलं, वर पंख्याकडं पाह्यलं, जिन्याकडं पाह्यलं. म्हणे, मामू, तुमी येवढं दुमजली बांधलं, आन् मले म्हणता जाऊ नको?"

ती फरशी माझ्याच दुकानातली होती आणि ती चांगली चमकते.

"तिकडं माह्या खालची खाट रिकामी झाली हाये," ते म्हणाले. "केरळचा एक होता, गेला तो. साहेबाले सांगून खाट धरून ठेवतो अय्याजसाठी. निदान माह्या नजरेखाली राह्यन."

मग उठले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फरशीचा उतार कोणत्या बाजूला द्यायचा ते सांगून गेले.

ते निघाले त्या सकाळी मी बसस्टँडवर होते. पुण्याहून नळांचं पार्सल येणार होतं. अकोल्याची गाडी लागलेली, आणि खिडकीशी रशीदभाई, पांढरा शर्ट, दाढी नुकतीच केलेली. खाली सगळी गल्ली. भाभी लोणचं सांडू नये म्हणून डबा कसा ठेवायचा ते खिडकीतून सांगत होती. नासिर पेटी मागच्या बाजूला नीट ठेवून आला होता. मालेगावहून अय्याज मुद्दाम पहाटे निघून आलेला, केसांना तेल, हातात फुलांचा हार. हार घातला, गळाभेट झाली, सनाने डोळे पुसले. सगळं रीतसर झालं आणि ड्रायव्हरने चावी फिरवली.

गाडी नुसती कण्हली. परत फिरवली, परत कण्हली. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात आपटला आणि कंडक्टर दारातून ओरडला, "उतरा बावा, धक्का मारा लागते!"

गल्लीतले पुरुष हसत हसत मागे गेले. नासिर गेला. अय्याजने बाह्या वर केल्या आणि तो मधोमध उभा राहिला. काही प्रवासी उतरले. रशीदभाईही उठले. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमी बसा. तुमाले लंबं जायचं हाये." पण ते दांडा धरून, एकेक पायरी, खाली उतरले. गळ्यातला हार काढून भाभीच्या हातात दिला आणि मागे जाऊन अय्याजच्या शेजारी उभे राहिले.

"काचीले हात नको लावू," ते त्याला म्हणाले. "तिथी जोर वाया जाते. खाली लाव. हां. आता खांदा दे."

गाडी आधी हललीच नाही. मग सुटली. दहाबारा माणसं एका दमात ढकलत होती आणि त्यात तो पांढरा शर्ट सगळ्यांत वाकलेला दिसत होता. फाटकाच्या अलीकडे इंजिनाने खोकला काढला, काळा धूर सोडला आणि ते सुरू झालं. ड्रायव्हर थांबवेना, थांबवली तर परत बंद पडेल. कंडक्टर ओरडला, "काका, पळा!" रशीदभाई पळाले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. एक पाय फेकत, एका बाजूला झुकत ते दारापर्यंत पोहोचले आणि कंडक्टरने मनगट धरून त्यांना आत ओढून घेतलं.

गाडी सुरू झाली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शमीमभाभीनेही वाजवल्या, हार हातात तसाच धरून. बाकीचे धापा टाकत थांबले, हात झटकायला लागले. गाडीला आता धक्क्याची गरज नव्हती. तरी अय्याज एकटा फाटकापर्यंत तिला हात लावून मागे पळत होता.